एक टिचकी, दोन टिचक्या

जयंतीचे दिवस जवळ आले की औरंगपुऱ्यातल्या आमच्या खोलीत आवाजांची रीघ लागते. खाली शाळेच्या पुस्तकांचं दुकान, त्याच्या कडेनं वर जाणारा अरुंद जिना, आणि जिन्याच्या टोकाला भिंतींना फोम चिकटवलेली ही खोली. आवाज नीट करणं हे माझं काम. लग्नाच्या व्हिडिओतले, रिक्षावर फिरणाऱ्या जाहिरातींचे, कुणाच्या निरोप समारंभातल्या लांबलेल्या भाषणांचे. पण मार्च सरत आला, रस्त्याकडेच्या कडुलिंबांना तो बारीक पांढरा मोहोर आला, की बाकीचं सगळं मागं पडतं आणि गाणी यायला लागतात. वस्त्यांमधली मंडळं, गायन पार्ट्या, शाळेतल्या पोरींचे संच. कुणी पेन ड्राइव्ह आणतं, कुणी सरळ फोनच हातात देतं. "ताई, एवढं त्यात टाका." घामानं ओले झालेले, घाईत असलेले, आनंदात असलेले लोक.

टाकणं ही तशी साधी गोष्ट. पडद्याच्या एका बाजूला फोल्डर उघडायचं, दुसऱ्या बाजूला आवाजाचं सॉफ्टवेअर. फाइलीवर बाण न्यायचा, माउसचं बटण दाबून धरायचं आणि बोट न उचलता फाइल ओढत आणायची. तिची एक पुसट सावली बाणाला धरून चालत येते. खिडकीत पोचली की बाणाशेजारी छोटं अधिकचं चिन्ह दिसतं. मग बोट सोडायचं. क्षणभर काहीच होत नाही. आणि मग काळ्या पट्टीवर निळी लहर उमटते. मोठ्यानं बोललेलं उंच, हळू बोललेलं बुटकं, गप्प बसलेलं सपाट. गाण्याची फाइल असेल तर पट्टी गच्च भरते, शेतात पीक उभं राहावं तशी.

इतक्या वर्षांत हे किती वेळा केलं असेल. तरी या दिवसांत बोट सोडताना माझा हात थबकतो. अशाच एका उन्हाळ्यात मी आईचा आवाज ओढून आणला होता.

*

आई पडेगावला अंगणवाडीत होती. तिथली लेकरं मोठी होऊन, लग्नं करून, आपली लेकरं तिच्याकडेच आणून सोडायची. सकाळभर ती लेकरांना गाणी म्हणायची, आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी तिला बोलावणं असायचं. नामकरण असो, लग्न असो, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, त्रिशरण-पंचशील घ्यायला कांताबाई पाहिजे. जयंतीच्या दिवसांत तर ती घरात सापडायचीच नाही. विहारात बायांचा सराव चालायचा आणि मधोमध आई, पदर कमरेला खोचून, एक हात कानाशी धरून. शिकलेलं गाणं नव्हतं तिचं. पण उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली बसलेल्या बायांना तिचा आवाज लागला की त्या पाठ ताठ करून बसायच्या, हे मी लहानपणापासून बघत आले.

त्या वर्षी हिवाळ्यात तिचा घसा बसला. सगळ्यांनाच वाटलं, लेकरांपुढं ओरडून बसला असेल. हळद झाली, ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. संक्रांत उलटून गेली तरी आवाज भरडच येत होता. मग तपासण्या, मग मोठा दवाखाना, मग त्या डॉक्टरबाईंची खोली. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून शांतपणे सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला पुढून छिद्र राहील. जीव वाचायची आशा आहे.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बोलायचं कशानं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं. सरावानं काहीजण बोलतात. पण आत्ता आहे तो आवाज राहणार नाही."

रिक्षानं आम्ही घरी निघालो. दादा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरशेजारी बसले होते. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सगळी नोकरी इंजिनांच्या आणि हातोड्यांच्या आवाजात गेली, त्यामुळं कानानं कमी ऐकू यायचं आणि बोलायचे त्याहून कमी. घराजवळ आल्यावर आई एवढंच म्हणाली, "लेकरांना काय सांगू मी? बाई मुकी झाली म्हणून?"

ऑपरेशन जयंतीनंतर करायचं ठरलं. तोवरचे दिवस आमच्या हातात होते.

*

आवाज भरून ठेवायची कल्पना माझी. मी भीतभीतच काढली, तर आई लगेच तयार झाली. "तुझ्या कामाचा मला कधी उपयोग झाला नाय. आता व्हऊ दे."

औरंगपुऱ्यातल्या खोलीत यायला ती तयार नव्हती. तिथं गेलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं म्हणाली. म्हणून मी माइक आणि लॅपटॉप पडेगावच्या घरी नेला. मागच्या खोलीत खिडकीवर गोधड्या टांगल्या. आवाज नको म्हणून कूलर बंद, पंखा बंद. सकाळी ऊन चढायच्या आत बसायचो तरी थोड्याच वेळात आईच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरायचा. बाहेर दौलताबादच्या रस्त्यावरून ट्रक गेला की थांबायचं. तो लांब जाईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडं बघत गप्प बसायचो. कधी टँकर आला म्हणून गल्लीत गलका व्हायचा आणि आई सवयीनं उठायला लागायची.

काय काय भरायचं, हे तिनंच ठरवलं. मला वाटलं होतं ती गाणी म्हणेल. ती म्हणाली, "गाणं नको. गाणं समद्या बायांपाशी हाय, त्या म्हणतील. मला घरात लागतंय तेवढं घे."

मग तिनं म्हटलं: जेवलीस का. दार लोटून घ्या. कोण हाय. लई ऊन हाय, डोक्याला बांधा. अहो, ऐकलं का. बस जरा. आलीस का गं. इथं ये, डोकं दाबून देते. 'नाय' तिनं कितीतरी तऱ्हांनी म्हटलं. रागाचं नाय, लाडाचं नाय, पाहुण्यांपुढचं नाय. शेवटच्या 'नाय'नं तिला हसू आलं, आणि ते हसूही भरलं गेलं. 'व्हय' मात्र एकदाच म्हणाली. "व्हय एकच असतंय," म्हणाली.

दादा उंबऱ्यावर बसून राहायचे. ऐकू किती येत होतं कोण जाणे. 'अहो, ऐकलं का' म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि ते माइकसाठी होतं हे कळल्यावर परत खाली घातली.

एक दिवस आई म्हणाली, मला दाखव तू काय करतीस ते. मी तिच्या हाताखाली माउस दिला. फाइल धरून ओढायला सांगितली. लेकरांच्या हाताला हात धरून अक्षर गिरवून घेणारी ती, आता मी तिच्या हातावर हात ठेवला होता. अर्ध्या वाटेत तिचं बोट उचललं गेलं आणि फाइल आपल्या जागी परत गेली.

"गेली की माघारी."

"परत धर. पोचेपर्यंत बोट उचलू नको."

दुसऱ्यांदा जमलं. काळ्या पट्टीवर निळा छोटासा गोळा उमटला. आई चष्मा सारखा करून पुढं वाकली.

"ही मी?"

"हो. 'व्हय' म्हणालीस ते."

"एवढीशी," म्हणाली. मग जरा वेळानं, "मूळची कुठं गेली?"

"मूळची तिथंच आहे, फोल्डरमध्ये. इथं फक्त ऐकायला आणली. हिला कापलं, जोडलं, काही केलं तरी मूळची तशीच राहते."

"हे चांगलं हाय," आई म्हणाली. त्या दिवशी नंतर तिनं काही भरलं नाही. चुलीवरच्या तव्यागत तापलेल्या त्या खोलीत आम्ही टरबूज कापून खाल्लं. बिया काढणाऱ्या तिच्या हाताकडं मी बघत होते, आणि गंमत म्हणजे त्या दुपारी मला वाईट वाटत नव्हतं. फार मोठं काहीतरी आपण वाचवून ठेवतोय, अशी मला खात्री होती.

*

त्या वर्षीच्या जयंतीला पहाटेपासून विहारात गर्दी होती. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, मेणबत्त्या उन्हाआधीच मऊ झालेल्या. बायांनी आईला पुढं बसवलं. तिला काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं.

आईनं त्रिशरण सुरू केलं. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत आवाज फाटला, मग नुसती हवा आली. मागून एका म्हातारीनं तीच ओळ उचलली, मग शेजारणीनं, मग सगळ्या विहारानं. आईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, हात जोडलेले होते, आणि आवाज सगळ्यांचा होता. मी माझा फोन बाहेर काढला नाही. आवाज भरण्यावर पोट असलेल्या मला त्या वेळी ते सुचलंच नाही, आणि सुचलं नाही ते बरंच झालं असं आजही वाटतं. काही आवाज आपण त्यात असतानाच ऐकायचे असतात.

*

ऑपरेशन झालं. आई घरी आली. गळ्यावर पांढरी जाळीची पट्टी, तिच्याआडून श्वास. तो श्वास ऐकू यायचा. झोपेत, भाजी निवडताना, उन्हातून आल्यावर. ओल्या कापडातून वारा जावा तसा.

तोवर मी तिच्यासाठी सगळं तयार करून ठेवलं होतं. एकेक वाक्य कापून वेगळं केलं, तिच्या फोनमध्ये चौकोन चौकोन करून घातलं. चौकोनावर बोट ठेवलं की तिचाच आवाज बोलणार. मी मोठ्या उमेदीनं फोन तिच्या हातात दिला. तिनं एक चौकोन दाबला.

"जेवलीस का," आई म्हणाली. फोनमधली.

समोर बसलेली आई दचकली. तिनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसली, रडणाऱ्या लेकराला थोपटावं तशी. मग तिनं अंगणवाडीतली पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'ती बाई गेली. तिला सारखं बोलवू नको.'

मी म्हणाले, "अगं, तूच आहेस ती."

तिनं मान हलवली. तिचं ठरलं होतं. दवाखान्यातून आणलेलं ते गळ्याला लावायचं यंत्रही तिनं एकदा लावून बघितलं. त्यातून निघालेला घरघरणारा आवाज ऐकून शेजारचं लेकरू आपल्या आईच्या पदराआड लपलं. यंत्र कपाटात गेलं.

मला तेव्हा तिचा राग आला होता, आणि खूप वाईटही वाटलं होतं. ज्या आवाजासाठी मी गोधड्या टांगल्या, ट्रक जाईपर्यंत श्वास धरून बसले, तो कुणालाच नको होता. आता कळतं. आपण फोटोतल्यासारखं दिसत नाही हे माणूस सोसतं. पण आपल्याच घरात आपणच आपल्याशिवाय बोलतोय, हे तिनं कसं सोसावं?

*

मग घरात एक अजब गोष्ट झाली. दादा बोलायला लागले.

जन्मभर ज्यांच्या तोंडून दिवसात दहा शब्द निघाले नव्हते, ते सकाळी उठल्यापासून सुरू व्हायचे. "आज आभाळ जरा काळवंडलंय. पाणी उद्या सुटंल म्हणत्यात. नळावर त्या दोघी परत भांडल्या. मी म्हणलं, भांडा, पण हांडा भरून भांडा." आई भाकरी थापत ऐकायची. तिला हसू आलं की खांदे हलायचे आणि पट्टीआडून फसफस आवाज यायचा. दादा त्या फसफशीसाठी आणखी बोलायचे. मी कधी अचानक घरी गेले, तर दारातूनच त्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि मी चपला काढता काढता थांबून ऐकायची. आमच्या घरात हा आवाज कधी नव्हता.

फोनचं त्यांनीच काढलं. बाजारात गेले की आईला फोन लावायचे. आई उचलायची आणि फोनच्या पाठीवर नखानं टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे व्हय. दोन म्हणजे नाय. दादांना कमी ऐकू यायचं म्हणून ते फोन स्पीकरवर टाकून कानाला लावायचे, आणि गुलमंडीच्या गर्दीत उभं राहून मोठमोठ्यानं विचारायचे, "मेथी आणू का? बरं, नको. मंग शेपू?" लोक वळून बघायचे. एवढा मोठा माणूस एकटाच शेपूबद्दल कुणाशी बोलतोय म्हणून.

दोन वर्षं हे असं चाललं. आई परत अंगणवाडीत जाऊन बसायला लागली. शिकवायला दुसरी बाई आली होती, आई नुसती लेकरांत बसायची, टाळ्या वाजवायची. लेकरांनी तिचं मुकेपण पटकन स्वीकारलं. मोठ्यांना वेळ लागला.

मग आजार फुप्फुसात उतरला. या हिवाळ्यात आई गेली.

शेवटचे दिवस दवाखान्यातच होते. त्या दुपारी मी डबा घेऊन निघाले होते, रस्त्यात होते. दादा औषध आणायला खाली गेले होते. ते वर आले तेव्हा आईच्या खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता.

आपल्याकडं भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारतो. शेवटी जवळ कोण होतं? दादा प्रत्येकाला तेच सांगायचे, "मी खाली होतो." पुढं काही नाही. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि दादा परत पहिल्यासारखे झाले. पहिल्याहून गप्प. मी रोज पडेगावला जायची, त्यांच्यासमोर बसून मीच काहीबाही बोलायची. ते मान हलवायचे. वाटायचं, आईबरोबर तो नवा आवाजही गेला.

*

परवा खोलीत गाण्यांचा ढीग पडलेला असताना जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबणारी. दारात दादा. डोक्याला उपरणं, शर्ट पाठीला चिकटलेला. या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून आपला फोन काढला आणि माझ्यापुढं धरला.

"याच्यातली जागा संपली म्हणून खाली मोबाइलवाल्याकडं दिला," दादा म्हणाले. "तो म्हणला, चाचा, कॉल की रेकॉर्डिंगां भरेली हैं पूरी, उडा दूँ क्या? मी फोन काढूनच घेतला त्याच्या हातातनं."

फोन विकत घेतला तेव्हाच दुकानदारानं कॉल भरून ठेवायची सोय चालू करून दिली असणार. दादांनी केलेला प्रत्येक फोन आपोआप साठत गेला होता. मी फोल्डर उघडलं. खाली खाली, संपेचना. जवळपास सगळ्यांवर एकच नाव होतं. आईचं.

"तुला यातलं दिसतं ना? आवाज कसा हाय, किती हाय, ते दिसतं ना चित्रात?"

"दिसतं. काय बघायचंय दादा?"

ते खुर्चीच्या टोकावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"त्या दिवशी मी औषध घेतलं आन खालूनच तिला फोन केला. म्हणलं, औषध मिळालं, लिफ्टपाशी लई गर्दी हाय. लगेच येऊ का चहा पिऊन येऊ? लगेच यायचं असंल तर एक, चहा पिऊन असंल तर दोन." ते थांबले. "मला दोन ऐकू आल्या. मी चहा प्यायला गेलो."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"पण मला चहा पाहिजे होता, बाई. सकाळपासून पोटात काय नव्हतं. माणसाला जे पाहिजे तेच ऐकू येतं. कान तर माझे असले. तिनं एकच मारली असंल तर? ये म्हणली असंल आन मी तिथं बशीत वतून..."

इतके महिने हे त्यांच्या छातीत होतं. कोण जवळ होतं, म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकापुढं ते हेच गिळत होते.

मी फोन तारेनं जोडला. त्या दिवसाची फाइल शोधली. धरली, ओढली, खिडकीत सोडली. सॉफ्टवेअरनं घेतलीच नाही. अशी फाइल ओळखत नाही, असा निरोप आला. फोनमधल्या रेकॉर्डिंगचं कधीकधी होतं तसं, त्यांचा प्रकार वेगळा असतो. दादांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं.

"नाय व्हत का?"

"होतं. थोडं बदलून घ्यावं लागतं." फाइल दुसऱ्या प्रकारात करून घेतली, परत धरली, परत ओढली. अधिकचं चिन्ह आलं. मी बोट सोडलं.

लहर उमटली. आधी उंच, दाट गोळे. ते दादांचं बोलणं. मग सपाट. मग एक टोक. खिळ्यासारखं सरळ, एकटं.

एकच.

दादा पडद्याकडं बघत होते. त्यांना काय कळलं माहीत नाही. मी लहर मोठी करत गेले, आणखी मोठी, त्या टोकाच्या पुढचा सपाट भाग ताणत गेले. तिथं आणखी एक होतं. बुटकं, पहिल्याच्या निम्म्याहून कमी. पण ते काहीही असू शकत होतं. कुणी ट्रेमध्ये कात्री ठेवली असेल, फोन चादरीवर टेकला असेल. मला दादांना खोटं सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ओळखलं असतं.

म्हणून मी आधीचा एक फोन शोधला. दादांनी मेथी विचारली होती आणि आई नको म्हणाली होती, असा कुठलाही. ती फाइल ओढून पहिलीच्या खाली सोडली. दादांचे उंच गोळे, सपाट, मग टोकं. पहिलं उंच, दुसरं बुटकं. आणखी एक फाइल ओढली, तिच्या खाली सोडली. पहिलं उंच, दुसरं बुटकं. आणखी एक. आईची दुसरी टिचकी नेहमीच हलकी पडायची. नाय म्हणताना ती हात मागं घ्यायची. हे दोन वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

चारही पट्ट्या एकाखाली एक होत्या. मी दादांचा हात धरून बोट पडद्यावर ठेवलं. "हे बघा. ही मेथीची. ही शेपूची. ही लाइट बिलाची. आणि ही त्या दिवशीची. सारखीच आहे. दोन आहेत दादा."

त्यांनी बोट वरून खाली फिरवलं. परत वर नेलं.

"दोन."

"हो. चहा पिऊन या म्हणाली."

दादांनी डोक्यावरचं उपरणं सोडलं आणि तोंडावर धरलं. खाली रस्त्यावरून कुणाचीतरी रिक्षा गाणं वाजवत गेली, ते मीच परवा नीट करून दिलं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली त्यांची पाठ किती लहान झाली होती.

असले टिक्-टिक् आवाज मी दिवसभर पुसत असते. गाण्यांतून, भाषणांतून. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी खास सोय आहे, एक बटण दाबलं की सगळे वेचून काढतं. आईचं दोन वर्षांचं सगळं बोलणं त्या एका बटणानं गेलं असतं. आणि ज्याला मी तिचा आवाज समजून जपून ठेवलं, त्या फोल्डरला तिनं त्या एका चौकोनानंतर परत कधी हात लावला नाही.

मग दादांनी तोंड पुसलं.

"बाकीच्या बी आण," ते म्हणाले. "मला ओढू दे एखादी."

मी त्यांच्या हाताखाली माउस दिला. वर्कशॉपमधली ती जाड, तुटक्या नखांची बोटं. पहिल्यांदा त्यांची फाइल मध्येच सुटली. दुसऱ्यांदा पोचली. पट्टी उमटली तर सुरुवातीला एक छोटा गोळा, आणि पुढं सगळी सरळ रेघ. मला वाटलं फाइल बिघडली असेल. मी चालू केली.

"अगं, मीच हाय," फोनमधले दादा म्हणाले. "काय काम नाय. असाच केला."

त्यानंतर काही नव्हतं. टिचकी नव्हती. ना एक, ना दोन. मी आवाज वाढवला. सरळ रेघेच्या आत, अगदी खाली, आईचा श्वास होता. जाळीच्या पट्टीतून येणारा, जाणारा. पलीकडं कुठल्यातरी रस्त्याची वर्दळ, आणि तिथं फोन कानाला लावून गप्प उभे असलेले दादा. दोघांनीही फोन ठेवला नव्हता.

मी ती बंद करायला हात पुढं केला. दादांनी माझा हात धरला.

"राहू दे," म्हणाले. "चालू हाय अजून."